दमा : प्रतिकार आणि नियमन

दमा हा अशक्त माणसाचा रोग आहे, ज्याच्या अंगी प्रतिकाराचे बळ उरले नाही त्यालाच तो गाठतो, आणि म्हणून रोग्याला बळ येईल असे काही पाजले, चाटवले किंवा टोचले म्हणजे धाप आपोआप बसेल, ही समजूत आमच्या मराठवाड्यात इतकी खोल रुजली आहे की तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या डॉक्टराकडे लोक संशयाने पाहतात. २०२० च्या महामारीनंतर तर तिला जणू राजमान्यताच मिळाली. घरोघर काढे उकळू लागले, दुकानांच्या फळ्यांवर प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या चूर्णांच्या बरण्या ओळीने येऊन बसल्या, आणि ज्याच्या छातीत वर्षानुवर्षे घरघर आहे अशा माणसानेही आपल्याला हवे ते औषध हेच असे मानले. परंतु ॲलर्जीजन्य दम्याच्या रोग्याच्या देहात प्रतिकाराला तोटा नसतो. तोटा असतो तो त्या प्रतिकाराला वेळीच आवर घालणाऱ्या यंत्रणेचा. ही यंत्रणा कोणती, तिचा शोध कसा लागला, ती कशाने बिघडते आणि कशाने सावरते, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे, आणि मराठी वाचकाला तो प्रथमच इतक्या विस्ताराने सांगण्याचे धाडस ग्रंथकर्त्यांनी केले आहे म्हणून ही प्रस्तावना लिहिण्याची जबाबदारी मी आनंदाने पत्करली.

श्वासाबरोबर आत जाणाऱ्या असंख्य कणांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात: परागकण, बुरशीची बीजुके, अंथरुणाच्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची विष्ठा, गुरांच्या अंगचा कोंडा, धान्याचे भूस. श्वासमार्गाच्या अस्तरात पसरलेल्या शाखापेशी अशा कणाचा अंश उचलून जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात आणि तेथील टी-पेशींपुढे हजर करतात. येथवर निरोगी माणूस आणि दमेकरी यांच्यात काही भेद नाही. भेद पडतो तो पुढच्या निकालात. निरोगी देहात हा मामला बहुधा नियामक टी-पेशींच्या हाती जातो. त्या इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा यांसारखी शामक द्रव्ये स्रवतात, शाखापेशींची चिथावणी देण्याची शक्ती कमी करतात, आणि प्रकरण दप्तरी दाखल होऊन मिटते. दमेकऱ्याच्या देहात त्याच कणाविरुद्ध साहाय्यक टी-पेशींचा दुसरा वर्ग उभा राहतो. या पेशींच्या इंटरल्यूकिन-४ मुळे बी-पेशी आयजीई नावाचे प्रतिपिंड बनवू लागतात. इंटरल्यूकिन-५ अस्थिमज्जेतून इओसिनोफिल पेशींना बाहेर काढून फुप्फुसाकडे धाडते. इंटरल्यूकिन-१३ श्लेष्मा वाढवते आणि श्वासनलिकेभोवतीचा स्नायू इतका हळवा करून ठेवते की गार वारा, चार पावले धावणे किंवा मोठ्याने हसणे एवढ्यानेही तो आवळतो. आयजीई मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसते आणि तोच कण पुन्हा आला की काही मिनिटांत हिस्टामिन व ल्यूकोट्राइन सुटून छाती भरून येते. काही तासांनी इओसिनोफिलांचा लोंढा पोचतो आणि दुसरी, अधिक चिवट धाप सुरू होते. संध्याकाळी बरा वाटणारा रोगी पहाटे तीनला उठून का बसतो याचे काही अंशी उत्तर या दुसऱ्या लाटेत आहे.

रोगाचे वर्णन जुने आहे. चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी तमकश्वासाचे चित्र आजच्या दम्याशी इतके जुळते की वाचणाऱ्याने थक्क व्हावे: बसल्याने बरे वाटणे, आडवे होताच धाप वाढणे, ढगाळ हवेत, पावसात आणि पूर्वेच्या वाऱ्यात जोर चढणे, उष्णाची इच्छा होणे. कारणांत त्याने धूळ, धूर आणि वारा यांची नावे घेतली आहेत आणि जुना तमकश्वास याप्य, म्हणजे आटोक्यात ठेवण्याजोगा, असा निर्वाळा दिला आहे. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दमा हा मुख्यतः मज्जातंतूंचा विकार मानला गेला, आणि स्नायू आवळतो तेव्हा तो सैल करावा एवढाच उपचाराचा हेतू राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲड्रेनलिन आले, मग एफेड्रिन, मग सालब्युटामॉल. प्रत्येकाने असंख्य रोग्यांचा जीव वाचवला, आणि प्रत्येकाने स्नायूचा आकस हाच रोग होय ही कल्पना आणखी घट्ट केली. सौम्य दम्याच्या रोग्यांच्या श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालून अस्तराचे नमुने काढण्याची पद्धत १९८० नंतर रूढ झाली, आणि धाप नसतानाही ते अस्तर सुजलेले असते हे तेव्हा कोठे डोळ्यांना दिसले.

प्रतिपिंडांचा संप्रदाय यापूर्वीच स्वतंत्रपणे वाढत होता. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने १८७३ मध्ये स्वतःवरच परागकणांचे प्रयोग करून तृणज्वराचे कारण दाखवले. पोर्तिए आणि रिशे यांनी १९०२ मध्ये असे सिद्ध केले की रक्षणासाठी असलेली व्यवस्था प्राणघातकही होऊ शकते. १९२१ मध्ये प्राउस्निट्झने आपला सहकारी क्यूस्टनर याचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि क्यूस्टनरला सोसवत नसलेल्या माशाचा अंश त्याच जागी टोचताच तेथे गांधी उठली. रक्तद्रवात असे काही आहे की ज्याने ॲलर्जी एका देहातून दुसऱ्या देहात नेता येते, एवढे तेव्हा कळले. पण ते काय हे ओळखायला किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याचे १९६६ चे आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांचे १९६७ चे संशोधन व्हावे लागले. पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्या प्रतिपिंडाला आयजीई हे नाव दिले. १९८६ मध्ये मोसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या साहाय्यक टी-पेशींचे दोन वर्ग दाखवले, आणि १९९२ मध्ये ॲलर्जी असलेल्या दमेकऱ्यांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेल्या पेशींत दुसऱ्या वर्गाचे प्राबल्य आढळले, तेव्हा प्रतिपिंडाच्या मागे हुकूम सोडणारी पेशी कोणती याचाही छडा लागला.

तथापि एक प्रश्न शिल्लक होता, आणि माझ्या मते तोच मुळाचा होता. धूळ सगळ्यांच्याच नाकात जाते. मग बहुसंख्य माणसे निरोगी का राहतात? रोग का होतो हे विचारणाऱ्यांची गर्दी होती, आरोग्य कसे टिकते हे विचारणारे थोडे होते. येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन यांनी १९७० च्या सुमारास दमनकारी टी-पेशींची कल्पना मांडली, पण तिचा रेणवीय पुरावा टिकला नाही आणि १९८० च्या दशकात तो विषयच इतका बदनाम झाला की त्यावर काम करणे म्हणजे आपली उमेद वाया घालवणे असे तरुण संशोधकांना वाटू लागले. अशा प्रतिकूल काळात शिमोन साकागुची यांनी चिकाटी सोडली नाही. १९९५ मध्ये त्यांनी सीडी-२५ ही खूण बाळगणाऱ्या टी-पेशींचा एक लहानसा गट वेगळा काढला आणि तो उंदरांमधून वजा केला की देह स्वतःवरच उलटतो हे दाखवले. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना खवलेदार कातडीच्या रोगट उंदरांत फॉक्सपी-३ हा जनुक सापडला. त्याच जनुकातील दोषाने मुलग्यांमध्ये एक दुर्मीळ आणि भीषण व्याधी होते, आणि त्या बालकांना स्वप्रतिकाराच्या विकारांबरोबरच इसब होतो, अन्नाची ॲलर्जी होते, आयजीई बेसुमार वाढते. दोन वर्षांनी साकागुचींनी हा जनुकच नियामक पेशी घडवतो हे दाखवून दोन्ही धागे जोडले. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या संशोधनाचा अर्थ मला असा वाटतो की निर्धोक वस्तूविषयीची आपली शांतता ही उदासीनता नव्हे. ती क्षणोक्षणी चालू असलेल्या परिश्रमाने टिकवावी लागते.

दम्याच्या संदर्भात याचे पुरावे पुढे निरनिराळ्या दिशांनी येत गेले. दमेकरी मुलांच्या फुप्फुसांत नियामक पेशींची संख्या कमी आणि दमनशक्ती क्षीण आढळली, आणि हुंगण्याच्या स्टिरॉइडने ती काही प्रमाणात परत येते असे दिसले. मधमाश्या पाळणाऱ्या लोकांना हंगामात अनेक डंख बसतात, तेव्हा काही दिवसांतच त्यांच्या टी-पेशी इंटरल्यूकिन-१० स्रवणाऱ्या शांत पेशींकडे झुकतात. लंडनच्या लेनर्ड नूनने १९११ मध्ये सुरू केलेली, परागकणांचा अंश अल्प मात्रेत वाढवत टोचण्याची पद्धत का गुणकारी ठरते याचा उलगडा अशा रीतीने जवळजवळ शतकाने झाला. नियामक पेशी अढळ असतात असेही नाही. दाह फार वाढला की त्यांच्यापैकी काही आपले काम विसरून शत्रुपक्षासारख्या वागू लागतात. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या प्रदूषित शहरातील दमेकरी मुलांमध्ये फॉक्सपी-३ जनुकावर रासायनिक मोहोर अधिक आढळली आणि त्यांच्या नियामक पेशी दुबळ्या ठरल्या. चुलीत तुराट्या आणि गोवऱ्या जाळणाऱ्या आमच्या घरांतील धुराचा हिशेब अजून कोणी असा मांडलेला नाही, पण तो मांडला पाहिजे.

या ग्रंथाचे सर्वांत मोलाचे प्रकरण मला कृमींविषयीचे वाटले, आणि ते आमच्या मुलखाला विशेष लागू आहे. नांदेड आणि लातूर हे महाराष्ट्रातील हत्तीरोगाच्या क्षेत्रात मोडणारे जिल्हे. रात्री घरोघर फिरून बोटाचे रक्त घेणारी पथके येथील खेड्यांनी पाहिलेली आहेत, कारण हा रोग आणणाऱ्या कृमीची पिले रात्रीच रक्तात उतरतात. आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की ज्यांच्या रक्तात ही पिले वळवळत असतात त्यांपैकी पुष्कळांना काहीही जाणवत नाही. एवढा मोठा परका जीव वर्षानुवर्षे देहात नांदतो आणि देह स्वस्थ असतो, कारण कृमी यजमानाच्या नियामक पेशींना आणि इंटरल्यूकिन-१० ला आपल्या बाजूने उभे करून घेतो. परंतु थोड्या माणसांत हा समझोता होत नाही. त्यांचा देह पिलांवर तुटून पडतो, पिले फुप्फुसात अडकून मरतात, रक्तात दर घन मिलिमीटरला तीन हजारांहून अधिक इओसिनोफिल भरतात, आयजीई प्रचंड चढते, आणि रोग्याला रात्री खोकल्याची ढास आणि हुबेहूब दम्यासारखी घरघर सुरू होते. आंध्रात मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरम् क्षयरोग्यालयातील फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन यांनी १९४० मध्ये क्षयासारख्या दिसणाऱ्या पण क्षय नसलेल्या अशा रोग्यांची नोंद केली. १९४३ मध्ये वाइनगार्टनने या विकाराला उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया हे नाव दिले. आणि मूळचे आंध्रातील यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या अमेरिकन प्रयोगशाळेचे प्रमुख होते तेथून १९४७ च्या सुमारास बाहेर पडलेल्या डायएथिलकार्बामाझिनने हे रोगी तीन आठवड्यांत बरे होऊ लागले. कृमी एकच; एका शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नाही आणि दुसरा रात्रभर उशीला टेकून बसलेला. कृमी जितका, त्याहून अधिक देहाचे नियमन या दोघांचे भवितव्य ठरवते, हे सांगायला याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. आजही आमच्याकडे रात्रीच्या ढासेचा एखादा रोगी दमेकरी म्हणून वर्षानुवर्षे पंप ओढत राहतो आणि त्याच्या रक्तातील इओसिनोफिल कोणी मोजत नाही, म्हणून हे प्रकरण तालुक्याच्या प्रत्येक डॉक्टराने वाचावे असे मी आग्रहाने म्हणतो.

यातून कृमी असलेले बरे असा निष्कर्ष कोणी काढू नये. आफ्रिकेतील गाबॉन देशाच्या शाळकरी मुलांत कृमींमुळे धुळीच्या किड्यांवरची त्वचेची प्रतिक्रिया मंदावते असे २००० मध्ये दिसले हे खरे, पण निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हा अंकुशकृमीने दमा कमी होतो आणि जंताने उलट वाढतो असा निकाल हाती आला. अंकुशकृमी रक्त पितो, पंडुरोग आणतो. शाळांतील जंतनाशक गोळी सोडण्याचे कारण त्यात यत्किंचितही नाही.

याच धाग्याला लागून स्वच्छतेचा सिद्धांत येतो. १९८९ मध्ये स्ट्रॅकन यांनी मोठ्या कुटुंबातील धाकट्या मुलांना तृणज्वर कमी होतो असे दाखवले, आणि लहानपणी जंतूंचा सहवास घडला नाही तर प्रतिकाराचे शिक्षण अपुरे राहते ही कल्पना पुढे आली. २०१६ मध्ये अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना प्रसिद्ध झाली: मूळ मध्य युरोपचे, आहारविहार जवळजवळ सारखा, पण आमिश घराला लागून गोठा ठेवून जुन्या पद्धतीने शेती करणारे आणि हटराइट यंत्रांनी. आमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के. हे वाचून आमचा शेतकरी म्हणेल की गोठा तर आमच्याही दारात आहे, मग आमच्या पोराला बाळदमा का? प्रश्न रास्त आहे आणि ग्रंथकर्त्यांनी तो टाळला नाही. गोठ्याची धूळ आणि चुलीचा धूर एकाच घरात असतात, पाचट पेटते तेव्हा सारा शिवार धुराने भरतो, आणि युरोप-अमेरिकेच्या पाहणीतून निघालेला नियम येथे जसाच्या तसा उतरवता येत नाही.

शिवाय आमच्या हवेचे दोन घटक निराळेच आहेत. पहिला गाजरगवत. पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यास या वनस्पतीची प्रथम दखल घेतली गेली आणि पाहता पाहता तिने बांध, गायरान, रेल्वेचे रूळ व्यापले. तिच्या स्पर्शाने होणारा चर्मरोग टी-पेशींच्या विलंबित प्रतिक्रियेने होतो आणि तिच्या परागाने होणारी सर्दी व धाप आयजीईने. एकच वनस्पती प्रतिकाराच्या दोन वेगळ्या शाखा चेतवते. दुसरा घटक सोयाबीन. पिकांचे चित्र पालटून या पिकाने गेल्या तीन दशकांत लातूरचा मोंढा आपलासा केला. दसरा-दिवाळीच्या सुमारास हडंब्यावर रास सुरू झाली की भुसकटाचा ढग गावावर राहतो. बार्सिलोना बंदरात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एखाद्या दिवशी दमेकऱ्यांची रुग्णालयात एकाएकी रीघ लागे. असे २६ दिवस नोंदले गेले. कारखाने, हवामान, परागकण सगळे तपासून झाले, शेवटी जहाजांचे दप्तर पाहिले तेव्हा त्यांपैकी तपासलेल्या प्रत्येक दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते असे निघाले. एका कोठाराच्या माथ्यावर गाळणी नव्हती. दाण्याच्या टरफलाची धूळ शहरावर पसरत होती, आणि ज्यांच्या रक्तात तिच्याविरुद्ध आयजीई होती तेच लोक कोसळत होते. गाळणी बसवल्यावर त्या लाटा ओसरल्या.

उपचारांविषयी थोडक्यात एवढेच म्हणतो की ज्ञान आणि व्यवहार यांच्यातील अंतर येथे फार क्लेशदायक आहे. आयजीईला, इंटरल्यूकिन-५ ला, इंटरल्यूकिन-४ व १३ च्या ग्राहकाला आणि अलीकडे अस्तरातून निघणाऱ्या टीएसएलपी या धोक्याच्या संदेशाला रोखणारी प्रतिपिंडे २००३ पासून २०२१ पर्यंत एकामागून एक औषध म्हणून मान्य झाली; ती आमच्या सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहेत. जे आवाक्यात आहे ते हुंगण्याचे स्टिरॉइड, आणि त्याविषयी पंपाची सवय लागते, पंप हा शेवटचा इलाज, असा ग्रह. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक नुसत्या सालब्युटामॉलवर रोगी ठेवू नये असे सांगत आहेत, तरी आमच्याकडे धाप लागली की तेवढ्यापुरते ते ओढायचे नाही तर स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने खायच्या, असाच परिपाठ आहे. मृगाला हैदराबादेत जिवंत माशाच्या तोंडून दिले जाणारे औषध घ्यायला इकडची माणसे जातात, त्यांना हसणे मला कधीच जमले नाही. वर्षातून एकदा घ्यावे आणि सुटावे ही इच्छा दीर्घ रोगाने गांजलेल्या माणसाला होणारच. पण दमा मुळातच चढउताराचा रोग आहे, आणि उतारावर घेतलेल्या कोणत्याही औषधाला यश लाभते. २०१९ च्या जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत, जगातील एकूण दमेकऱ्यांचा सुमारे आठवा हिस्सा. आणि जगातील दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक येथे होतात. या दोन आकड्यांमधील तफावत रोगाची नव्हे, उपचारांच्या अभावाची आहे.

सगळा दमा नियामक पेशींच्या दुबळेपणाने होतो असे ग्रंथकर्ते म्हणत नाहीत, आणि तेवढ्यामुळेच माझा त्यांच्यावर अधिक विश्वास बसला. ज्यात इओसिनोफिल जवळजवळ नसतात असा दमा आहे, स्थूलतेबरोबर येणारा आहे, न्यूट्रोफिलांचा आहे. अस्तराला मूळ दोषी धरणारा पक्षही बलवान आहे, कारण इंटरल्यूकिन-३३ सारखे संदेश तेथूनच सुटतात आणि २०१० च्या सुमारास ओळख पटलेल्या जन्मजात लसीका पेशी टी-पेशींची वाटही न पाहता इंटरल्यूकिन-५ आणि १३ स्रवू लागतात. ग्रंथात या पक्षांना न्याय्य जागा मिळाली आहे. रचना वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पेलेल अशी असली तरी भाषा आशाताईला आणि शाळेच्या मास्तरांना अडखळवणारी नाही. औषधांच्या मात्रा मात्र मुद्दाम दिलेल्या नाहीत. पुस्तक वाचून स्वतःच उपचार करण्याचा मोह आमच्याकडे मोठा आहे, म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो.

शेवटच्या भागात ग्रंथकर्त्यांनी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील ग्रामीण रुग्णालयांना एक विनंती केली आहे, तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. धापेचा रोगी आला की त्याच्या कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: त्या दिवशी गावात रास चालू होती का, घरात चूल आहे की गॅस, रक्तातील इओसिनोफिल किती, आणि हत्तीरोगाची तपासणी कधी झाली. मोंढ्यातील आवकेची नोंद तारीखवार असतेच. ही दोन दप्तरे तीन-चार हंगाम शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय होण्याजोगे आहे, आणि येत्या सोयाबीनच्या हंगामापासून ते मुरुडमध्ये सुरू व्हावे अशी तजवीज आम्ही करीत आहोत.

मुरुड, जि. लातूर